मिरवायचा रोल बार

शाबासकी हवी म्हणून फोटो पाठवलेस. ती मिळणार नाही. पुण्यातून कॅलिफोर्नियापर्यंत हात पोचत नाही, नाहीतर कान धरून गाडीखाली आडवा केला असता आणि वर बघायला लावलं असतं. ते जमत नाही म्हणून हे पत्र. उभ्या उभ्या वाचू नकोस. बस, आणि वही-पेन्सिल घेऊन बस.

फोटो सगळे पाहिले, मोठे करकरून पाहिले. लाल मियाटा, टप उतरवलेला, सीटांच्या मागे क्रोमची दोन उंचवट्यांची चकचकीत कमान, आणि तिच्यावर कोपर टेकून तू. खाली लिहिलंयस, "सर, शनिवार-रविवारात स्वतः रोल बार बसवला. आता ट्रॅकवर जायला मोकळा." मोकळा? फोनवर मी चार साध्या गोष्टी विचारल्या. नळीच्या भिंतीची जाडी किती? बोल्ट कुठल्या ग्रेडचे? पत्र्याखाली प्लेट किती मोठी? हेल्मेट घालून बसलास की डोकं कमानीच्या किती खाली राहतं? चारही प्रश्नांना तुझं एकच उत्तर, "व्यवस्थित आहे, सर." वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगवर मापाच्या जागी 'व्यवस्थित' लिहिलं असतंस, तर जॉब आणि तू, दोघेही दाराबाहेर गेले असते. नोकरी लागली, ग्रीन कार्ड आलं, म्हणून आता व्हर्निअर लावायचा नसतो असं कुणी सांगितलं तुला?

रोल बार कशासाठी असतो ते आधी ऐक. छताची गाडी पलटी झाली की छत, खांब आणि काचेच्या चौकटी मिळून भार घेतात. तुझ्या गाडीवर छत म्हणून आहे ते कापड. अमेरिकेत छताने किती दाब सोसावा याचा केंद्रीय नियम आहे. २००९ साली तो कडक झाला आणि हलक्या गाड्यांच्या छताने गाडीच्या वजनाच्या तिप्पट दाब सोसला पाहिजे असं ठरलं. उघड्या टपाच्या गाड्या त्या नियमातून वगळल्या आहेत, कारण दाबून बघायला छतच नाही. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या तुझ्या गाडीने पलटी झाल्यावर तुझं डोकं वाचवायचं वचन कधी दिलेलंच नाही. ते वचन तू त्या क्रोमच्या कमानीकडून घेतलंस. कमान ते पाळेल का, हे तपासण्याची जबाबदारी मग तुझी आणि फक्त तुझी.

दोष गाडीचा नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. जुन्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांसारखी हलकी, दोन माणसांची, मागच्या चाकांनी चालणारी गाडी करायची, हा तिच्यामागचा विचार. तोशिहिको हिराई आणि त्यांच्या माणसांनी तिचं वजन वाढू नये म्हणून जिवाचं रान केलं. त्याच १९८९ साली मर्सिडीजने आपल्या एसएल गाडीत, गाडी उलटतेय असं कळताच ०.३ सेकंदात उभा राहणारा बार दिला. पोर्शेने १९६५ सालीच ९११ टार्गावर पक्की पोलादी कमान दाखवली होती. उघड्या गाडीत डोक्यामागे काय असावं, यावर मोठमोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं खपवलंय. तू काय खपवलंस? जुन्या सामानाची जाहिरात बघून एक कमान उचललीस, ती का, तर ती चमकत होती.

आता भाराचा अंदाज घे. शर्यतींच्या पिंजऱ्यांना मान्यता देताना एफआयए, म्हणजे मोटारशर्यतींचे नियम करणारी संस्था, जी स्थिर चाचणी घेते, तिच्यात मुख्य कमानीवर वरून टाकायचा भार काढण्याचं सूत्र आहे: गाडीचं वजन अधिक १५० किलो, आणि त्याच्या साडेसात पट. तुझी १९९६ ची गाडी १,०५० किलोची धर. १५० मिळवले की १,२०० झाले. साडेसातने गुण. ९,००० किलो. नऊ टन! तुझी बोल्टने बांधलेली कमान त्या चाचणीला कुणी लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण गाडी उलटते तेव्हा कोणत्या आकड्याशी गाठ असते, एवढं तरी कमानीवर कोपर टेकण्याआधी माहीत असावं की नाही?

चल, वरून खाली येऊ. पहिली नळी. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला थंड ओढलेली, बिनसांध्याची पोलादी नळी लागते: ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर भिंत, किंवा ५० व्यास आणि दोनची भिंत. तिकडे तुमच्या अमेरिकेत चांगले बार बनवणारे लोक बहुधा पावणेदोन इंच व्यास आणि ०.१२० इंच भिंत घेतात, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जास्तच. तुझ्या नळीची भिंत किती, ते तुला माहीत नाही. ज्याने विकली त्यालाही नाही. बाहेरून मोजून ते कळतही नाही. म्हणूनच एससीसीए या तुमच्याकडच्या क्लबच्या शर्यतींत नळीला ३/१६ इंचाचं तपासणीचं भोक ठेवायला लावतात. तपासनीस त्यातून जाडी मोजतो, मालकाच्या शब्दावर जात नाही. तुझ्या कमानीला तसलं भोक नाही, कागद नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. क्रोम मात्र असा की आरशासारखं तोंड बघावं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग वळणं बघ. नळी वाकवताना वळणाची त्रिज्या मध्यरेषेवर मोजून व्यासाच्या निदान तिप्पट हवी. ४५ च्या नळीला १३५ मिलिमीटर. वळणात नळी चपटी झालीच, तर लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीखाली जाता कामा नये. तुझ्या फोटोत डाव्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला सुरकुत्या आहेत. क्रोमवर प्रकाश वाकडा पडलाय म्हणून त्या माझ्या जुन्या डोळ्यांनाही दिसल्या. तू ती कमान हातात धरून बसवलीस, पुसून चकचकीत केलीस, आणि तुला दिसल्या नाहीत? भार आला की नळी आधी तिथेच दुमडणार.

कमान एकटी उभी राहत नसते. गाडी उलटताना पुढे घसरत असते; जमीन कमानीला वरून दाबते आणि मागेही ढकलते. ते ढकलणं घ्यायला मागे तिरके आधार असतात. ते सरळ हवेत, कमानीच्या वरच्या बाहेरच्या वळणांपाशी जोडलेले हवेत, आणि उभ्या रेषेशी निदान ३० अंशांचा कोन करून मागे उतरलेले हवेत. तुझे आधार कमानीच्या कमरेतून निघतात आणि जवळजवळ उभेच खाली जातात. का, तर टप दुमडताना अडू नये आणि सामान ठेवायची जागा जाऊ नये. बलांचा त्रिकोण तुला फळ्यावर काढून शिकवलाय. परीक्षेत काढलाही होतास. पाया इतका अरुंद ठेवलास तर त्या त्रिकोणात उरतं काय? जागेची एवढी हौस असेल तर चार दारांची गाडी घे आणि मागे पिशव्या ठेव.

आता ज्याने मला खरा राग आला, त्याकडे येतो. गाडीखालून काढलेला एकच फोटो आहे, तोही चुकून पाठवलेला असावा. डावीकडे कमानीच्या पायाखाली पोलादी प्लेट दिसते. उजवीकडे प्लेट नाही. तीन बोल्ट आणि तीन वायसर. विचारलं तर म्हणतोस, "एकच प्लेट मिळाली, सर, आणि रविवारी संध्याकाळ झाली होती." हिशेब कर. एम१० चा साधा वायसर २० मिलिमीटरचा. भोक वजा जाता त्याचं क्षेत्रफळ भरतं सव्वादोन चौरस सेंटिमीटर. तिघांचं मिळून सातसुद्धा नाही. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली निदान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट लागते. १२० कुठे आणि सात कुठे! गाडीचा तळ म्हणजे एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा पत्रा. भार आला की वायसर त्या पत्र्यातून आरपार निघणार, आणि तुझी कमान कितीही भक्कम असली तरी पायासकट वर नाहीतर खाली जाणार. नळी तुटायची वेळच येणार नाही.

आणि उजवीकडे बसतं कोण? तुमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे. उजवीकडे तुझी बायको बसते. तुझ्या बाजूला प्लेट, तिच्या बाजूला वायसर! मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. डावीकडून कामाला सुरुवात केलीस, उजवीकडे येईपर्यंत कंटाळलास, एवढंच. पण कंटाळा कुणाच्या डोक्यावर काढलास ते बघ. तिने मुकाट्याने बसून पट्टा लावला असेल, कारण नवरा इंजिनिअर आहे, त्याला यातलं कळतं, असा तिचा समज. तो खोटा ठरवलास.

बोल्ट. तेही चकचकीतच. फोटो मोठा करून डोक्यावरचं अक्षर वाचलं: ए२-७०. म्हणजे स्टेनलेस. गंजत नाहीत म्हणून घेतलेस, शोभतात म्हणून घेतलेस. ते ७०० मेगापास्कलला तुटतात, पण त्याआधी ४५० लाच कायमचे ताणले जायला लागतात. ८.८ ग्रेडचा साधा काळा बोल्ट ६४० पर्यंत टिकतो, १०.९ चा ९०० पर्यंत. एफआयएचा नियम सांगतो निदान एम८ आणि निदान ८.८. बोल्टच्या डोक्यावर हे आकडे कोरलेले असतात ते वाचता यावेत म्हणूनच. तू दुकानात उभं राहून बोल्टचा रंग पाहिलास, आकडा पाहिला नाहीस. आवळलेस कशाने? "हाताला लागेल तेवढे." टॉर्क रेंच म्हणून एक वस्तू असते, आणि कॅलिफोर्नियात ती भाड्याने किंवा उसनीही मिळते.

ड्रिलिंगचं तर काय सांगू! तुझ्या गाडीची पेट्रोलची टाकी सीटांच्या मागे, त्या शेल्फच्या पत्र्याखालीच आहे. पेट्रोल भरायचं तोंड डाव्या मागच्या बाजूला. तिथून टाकीत उतरणारा पाइप त्याच भागातून जातो. आणि तू तिथे वरून ड्रिल लावलंस. टोकाला स्टॉप नाही. खाली टाकी कुठे आणि किती अंतरावर, हे आधी बघितलं नाहीस. बॅटरी काढली नाहीस. ती डिकीत असते, हात घालायचा आळस. एका फोटोत तुझा रेडिओ चालू दिसतोय, गाणी ऐकत होतास म्हणे. वर अभिमानाने लिहितोस, "टाकी थोडक्यात वाचली." थोडक्यात म्हणजे किती? मोजलंस? पत्र्यातून सुटलेलं ड्रिल एका झटक्यात किती आत जातं, ते तू माझ्यासमोर पाहिलंयस. त्या वेळी खाली लाकडाचा ठोकळा होता. इथे पेट्रोलची वाफ होती. घर गॅरेजला चिकटून आहे तुझं. सेंटर पंच, आधी बारीक भोक, टोकाला स्टॉप, आणि पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ट्रिगरवर बोट नाही, हे मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. दुसऱ्या आठवड्यापर्यंत ज्याला येत नाही त्याला फाइल घासायला बसवतो.

भोकं पाडलीस ती तशीच सोडलीस. कडेचे बर काढले नाहीत, उघड्या पोलादाला प्रायमर नाही. ड्रिलचा कीस कुठे गेला? व्हॅक्यूम फिरवलास का? नाही. या गाडीला टपाचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबांमागे असतात. त्या तुंबल्या की पाणी आत साचतं आणि दारांखालचे पत्रे आतून सडतात. जुनी मियाटा विकत घेणारे जाणते लोक आधी तिथेच टॉर्च मारतात. तू त्याच जागी लोखंडाचा कीस सांडलास. आधीच पंचविशी ओलांडलेली गाडी. आता तिला आतून गंज लावायची सोय केलीस. आणि ज्या पत्र्याने तुझ्या कमानीचे पाय धरायचे, सडणार तोही तोच.

आता तुझ्या डोक्याबद्दल. त्यात काय आहे याबद्दल नंतर. आधी ते कुठे आहे याबद्दल. ट्रॅकच्या दिवशी तपासणीला लोक एक सरळ काठी घेतात, झाडूचा दांडाही चालतो. एक टोक कमानीच्या माथ्यावर, दुसरं समोरच्या काचेच्या चौकटीवर. हेल्मेट घालून, पट्टा आवळून, सरळ बसलेल्या माणसाचं डोकं त्या रेषेखाली राहिलं पाहिजे. गाडी उलटली की जमीन येते ती याच रेषेवर. तू सहा फुटांचा. तुझा फोटो आहे, हेल्मेट घालून अंगठा दाखवणारा. त्यात मी पडद्यावर पट्टी धरली. हेल्मेटचा माथा रेषेच्या वर आहे. चांगला स्पष्ट वर. म्हणजे गाडी उलटली तर आधी टेकणार तुझं डोकं, मग कमान. बार कुणी कुणाचा व्हायचा, तेवढं सांग मला.

कमानीला गुंडाळलंस काय? नळाच्या पाइपवर चढवतात तो मऊ काळा फोम. बोटाने दाबला की पोलाद लागतं. कमानीसाठी कडक, दाट फोम वेगळा मिळतो, एसएफआय ४५.१ चा शिक्का असलेला. आणि तोही हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी बनवलाय, उघड्या डोक्यासाठी नाही. इथे तू दुसरी गोष्ट विसरलास. ट्रॅकवर जाशील वर्षातून चारदा. बाकीचे दिवस याच गाडीने ऑफिसला जातोस, हेल्मेटशिवाय. सिग्नलला उभा असताना मागून कुणी धडकलं की सीटची पाठ मागे झुकते आणि डोकं मागे जातं. पूर्वी तिथे हवा होती. आता तू तिथे पोलादाची नळी ठेवलीस, वर पाइपचा फोम. उलटण्याच्या क्वचित धोक्यावर उपाय करताना रोजच्या रस्त्यावरचा धोका स्वतःच्या डोक्यामागे बांधून ठेवलास.

पट्ट्यांचं कौतुक वेगळंच. चार पट्ट्यांचा हार्नेस आणलास, लाल रंगाचा, गाडीला मॅच. खांद्यांचे पट्टे मागे नेऊन फरशीला बांधलेस, कारण तुझ्या शोभेच्या कमानीला आडवी नळीच नाही. खांद्यावरून पट्टा जवळजवळ आडवा मागे गेला पाहिजे, किंचित उतार चालतो. फरशीपर्यंत उतरवलास तर धडकेत तो खांदे खाली ओढतो आणि मणक्याला दाबतो. शिवाय मांड्यांमधून येणारा पट्टा नाही. धडकेत माणूस खालून सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. आणि सगळ्यात मोठं: साध्या तीन टोकांच्या पट्ट्यात अंगाला थोडं तरी वाकता येतं. हार्नेस माणसाला ताठ जखडतो. वर भरवशाची कमान नसेल तर ताठ जखडलेल्या माणसाचं काय होतं, ते मी लिहीत नाही. तुझं तू समज.

माझ्या रागावर तुझं उत्तर काय आलं? "सर, फॉर्म्युला वनमध्येही डोक्यामागे एकच हूप असतो." ऐक मग. ३ जुलै २०२२, सिल्व्हरस्टोन. पहिल्याच वळणाआधी झोऊ ग्वान्यूची अल्फा रोमिओ उलटली आणि उलटीच घसरत गेली. चाचण्या पास झालेला तिचा रोल हूप त्यात कोसळला. ड्रायव्हर वाचला तो डोक्याभोवतीच्या हेलो नावाच्या संरक्षक कड्यामुळे. एफआयएने मग काय केलं? चौकशी केली आणि पुढच्या मोसमासाठी हूपचे नियम बदलले: माथा गोल हवा म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही, आणि पुढे ढकलणारा भारही चाचणीत हवा. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत, संगणक आहेत, पैशाला तोटा नाही, त्यांची कमानही कोसळली, आणि कोसळल्यावर त्यांनी मान खाली घालून आकडे पुन्हा मांडले. तू त्यांचं नाव घेऊन आकडे टाळतोस.

दुसरं उत्तर: "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं ना?" नाही, बरं नाही. हे वाक्य मी पुण्याच्या रस्त्यावर रोज ऐकतो. हेल्मेट डोक्यावर, पण पट्टा मोकळा. पोलिसाला दिसलं की झालं. तसलं हेल्मेट पडण्याआधीच उडून जातं, पण ते डोक्यावर आहे म्हणून गाडी मात्र जोरात मारली जाते. तुझी कमान तीच. ती नव्हती तोवर उघडी गाडी आहे या जाणिवेने तू बेताने चालवत होतास. ट्रॅकचे दिवस भरवणारे क्लबवाले तुला ट्रॅकवर घेत नव्हते. आता आरशात क्रोम दिसतो आणि पाय खाली जातो. जी वस्तू वाचवत नाही पण धीर देते, ती नसलेली परवडली.

आणखी एक सांगतो, ते तुझ्या रोजच्या कामातलं आहे. ऑफिसात तू लिहिलेल्या कोडच्या चार ओळी दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत, हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. तिथे चुकलं तर काय होतं? एखाद्याच्या फोनवर पान उघडत नाही. इथे चुकलं तर मान मोडते, आणि इथे तपासायला तू कुणालाही बोलावलं नाहीस. व्हिडिओ बघितलेस म्हणे. व्हिडिओतल्या माणसाने तुझ्या गाडीखाली डोकं घातलं होतं का? रोल बार ही अशी वस्तू आहे की ती बरोबर बसली की चूक, हे वापरून कळत नाही. ब्रेक रोज दाबून बघता येतो, दिवा रोज लावून बघता येतो. याची परीक्षा एकदाच होते, आणि तिला पुरवणी नसते. म्हणून जे नंतर झाकलं जाणार, ते झाकण्याआधी मोजून, लिहून, दुसऱ्याला दाखवून ठेवायचं. ज्या गावात वाहनांच्या चाचण्यांसाठी एआरएआयसारखी संस्था उभी आहे, त्या गावात शिकलेल्या मुलाला हे मी पत्रातून सांगायचं?

आता रडगाणं नको. काय करायचं ते क्रमाने लिहून घे.

ट्रॅकच्या दिवसाचं नाव काढून टाक. पैसे परत मिळोत न मिळोत. बॅटरी काढ, कमान उतरव. ती पुन्हा कुणाला विकू नकोस. दुसऱ्याचं डोकं तिच्याखाली जाईल. दोन्ही बाजूंच्या भोकांचे बर काढ, कीस व्हॅक्यूमने ओढ, पाण्याच्या नळ्यांतून पाणी सोडून ते खाली येतंय का बघ, उघड्या पोलादाला प्रायमर लाव. वायसरने पत्रा चेपलाय ती जागा चांगल्या वेल्डरला दाखव. नवी प्लेट चेपलेल्या पत्र्यावर बसवायची नाही. चुकीच्या जागची भोकं बुजव, मेणाने नाही, पोलादाने.

मग सहा फुटांचा माणूस या गाडीत हेल्मेट घालून काठीखाली बसतो का, हे आधी ठरव. सीटचा फोम कमी करून, सीट खाली घेऊन बसत असेल तर बस. बसत नसेल तर ही गाडी तुझी ट्रॅकची गाडी नाही. हट्ट करू नकोस. मुंबई-पुणे रस्त्याएवढ्या लांब अंतरावर रविवारी फिरायला ती झकास आहे. बसत असेल तर नळीचा व्यास, भिंत आणि पोलादाचा प्रकार लेखी देणाऱ्याकडून, खास याच गाडीसाठी बनवलेला बार घे. त्याच्याबरोबर आलेला सूचनांचा कागद आधी पूर्ण वाच, मग ड्रिल हातात घे. प्लेटा दोन्ही बाजूंना सारख्या. बोल्ट ग्रेड वाचून. आवळायचे टॉर्क रेंचने, आणि थोडी गाडी चालवल्यावर पुन्हा तपासायचे. रस्त्यावर तीन टोकांचा मूळ पट्टाच. हार्नेस लावायचा तो ट्रॅकवर, हेल्मेटसकट, आडव्या नळीला बांधलेला, मांड्यांमधल्या पट्ट्यासह.

आणि गालिचा परत अंथरण्याआधी क्लबच्या तपासनिसाला घरी बोलाव. त्याला चहा पाज, टॉर्च दे, आणि गाडीखाली घाल. तो 'नाही' म्हणाला तर वाद घालू नकोस.

रागावलो म्हणून तोंड पाडून बसू नकोस. तू हाताने काम करतोस, अजून हात काळे करून घेतोस, हे मला आवडतं. तुझ्या बॅचमधल्या बहुतेकांनी पाना खाली ठेवला. म्हणूनच इतकं लिहिलं. ज्याच्याकडून काही होणार नाही त्याच्यावर मी शाई वाया घालवत नाही.

उत्तरात कारणं पाठवू नकोस. मापं पाठव.